निकोलाच्या दिवशीचं ग्राफिक्स कार्ड

मिलुतिनने एकतीस वर्षं ट्रक चालवला, आणि त्या एकतीस वर्षांत त्याला 'तू मागे बस' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. म्हटलं ते डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, आणि तेही तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर, पायात लोकरीचे मोजे घालून बसलेला असताना.

लेस्कोवाट्स गावातली त्यांची मालवाहतूक कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली होती. ड्रायव्हर चार दिशांना पांगले. झ्वोंको स्लोव्हेनियात गेला, दोघे जर्मनीत, बाकीचे इथेच पेन्शनवर. मिलुतिनच्या डोळ्यांत साखर उतरली आणि डॉक्टरणीने त्याच्या परवान्यावर कायमची फुली मारली. तेव्हा झ्वोंकोनेच युक्ती काढली. दर रविवारी संध्याकाळी आठही जण आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि ट्रकच्या खेळात ताफा करून निघायचे. बायका म्हणायच्या, नवरे म्हातारपणी पोरकट झाले. पण त्या ओरडत नव्हत्या, कारण पूर्वी हेच नवरे पंधरा पंधरा दिवस घरी दिसायचे नाहीत आणि आता हाक मारली की जेवायला तरी येत होते.

त्या हिवाळ्यात कुणा हौशी मंडळींनी खेळासाठी नवा नकाशा केला. निश शहरापासून खाली ग्रदेलित्साच्या घळीतून थेट ग्रीसमधल्या सालोनिकापर्यंतचा जुना रस्ता, म्हणजे यांचाच रस्ता. आठही म्हाताऱ्यांना रात्रभर झोप आली नाही. पहिली फेरी ठरली एकोणीस डिसेंबरला, संध्याकाळी सहाला. त्या दिवशी संत निकोलाचा सण. निकोला प्रवाशांचा राखणदार, आणि यांच्यातल्या प्रत्येकाच्या ट्रकमध्ये काचेजवळ त्याची तसबीर असायची. ताफ्याच्या पुढे कोण, हा प्रश्नच नव्हता. त्या घळीची वळणं मिलुतिनइतकी कुणालाच पाठ नव्हती.

पण इथंच घोडं पेंड खात होतं. मिलुतिनचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. पडद्यावरचं चित्र अडखळायचं, थांबायचं, मग तीन झाडं गाळून एकदम पुढे उडी मारायचं. रविवारी रंगीत तालीम झाली, तेव्हा मोरावा नदीवरच्या पुलावर चित्र पुरे चार सेकंद गोठलं. पुन्हा हललं तेव्हा मिलुतिनचा ट्रक पुलावर आडवा पडला होता आणि मागचे पाच त्याच्यावर येऊन आदळले होते.



"पिरोतकर," झ्वोंको म्हणाला. मिलुतिन मूळचा पिरोतचा, म्हणून सगळे त्याला असंच हाक मारायचे. "वाईट वाटून घेऊ नकोस. एकोणीसला तू माझ्या ट्रकमध्ये बस. नुसतं बघ. पुढे रादे राहील."

"रादे? रादे ग्रीसला दोनदा गेलाय, आणि दोन्ही वेळा बायकोला समुद्रावर न्यायला!"

"मी ऐकतोय बरं का," रादेचा आवाज आला.

"ऐक की. खोटं आहे का?"

"खोटं नाही," झ्वोंको म्हणाला, "पण रादेचा कॉम्प्युटर पुलावर झोपत नाही. एकोणीसला सहापर्यंत तुझा नीट झाला तर तूच पुढे. नाही तर मागे बस. रागावू नको."

मिलुतिन रागावला नाही, त्याला रडू आलं. ते त्याने दोब्रिलाला, म्हणजे बायकोला, कळू दिलं नाही. नाक शिंकरून तो चहा मागायला स्वयंपाकघरात गेला. तिला अर्थातच कळलं.

तशी त्या कॉम्प्युटरची डागडुजी सप्टेंबरपासूनच चालू होती. पिरोतच्या माणसाबद्दल आमच्याकडे म्हणतात, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, आणि मिलुतिनने गावाचं नाव राखलं होतं. बंद पडलेल्या एका प्रवास कंपनीच्या ऑफिसातून मेमरीची पट्टी मिळवली, तीही त्यांची कपाटं दोन मजले खाली उतरवून देण्याच्या बदल्यात. नवी वेगवान डिस्क आणली ती बारा बरण्या आयवारच्या बदल्यात. लाल मिरच्या भाजून, सोलून, तीन दिवस परातीसमोर उभं राहून दोब्रिलाने तो आयवार घातला होता. ती ते अजून विसरली नव्हती. टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राने त्याने आतली धूळ उडवली, तेव्हा पंख्यातून एक वाळका नाकतोडा बाहेर पडला. एवढं करूनही कॉम्प्युटर सुरू पटकन व्हायचा, पण रस्त्यावर आला की पुन्हा तेच रडगाणं.

"व्हाइटवॉश केला तेव्हापासून हे सुरू झालं," दोब्रिला म्हणायची. दोन वर्षांपूर्वी वसंतात त्यांनी खोली रंगवली होती, सगळं सामान बाहेर काढून परत लावलं होतं.

"चुन्याचा नि कॉम्प्युटरचा काय संबंध? वय झालंय त्याचं."

"तुझंही झालंय. तू कुठे पुलावर आडवा पडतोस?"

राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड. चित्र काढायचं काम त्याचं, तेव्हा दोष त्याचाच, असं मिलुतिनने ठरवून टाकलं. मग तो जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायला लागला. त्याला हवं होतं ते कार्ड म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी गाय होती, आणि तशी एक शेजारच्या व्लासोतिन्त्समध्ये सापडलीसुद्धा. विकणारा नेबोयशा नावाचा कुणी. तो बेलग्रेडला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि सणाला आईकडे येणार होता. किंमत दहा हजार दिनार. मिलुतिनकडे होते साडेसात, आणि भावाच्या बागेतल्या आलुबुखारांच्या दारूची सात वर्षं मुरलेली एक बाटली. अडीच हजारांची दरी ती बाटली भरून काढेल, अशी त्याची खात्री होती. 'घरी कधी असता?' असं त्याने विचारलं, तर उत्तर आलं, 'एकोणीसला तर नक्की घरीच.' मिलुतिनने ताबडतोब कळवलं, 'येतो.'

एकोणीसला सकाळी तो बूट घालत असताना दोब्रिला दारात उभी राहिली.

"अरे, आज निकोला आहे. व्लासोतिन्त्समध्ये दर तिसऱ्या घरी स्लावा असेल. असल्या दिवशी कुणाकडे खरेदीला जातात का?"

"तोच म्हणाला, एकोणीसला घरीच आहे."

"घरीच असणार! कुळाच्या संताचा दिवस, कुठं जाईल तो घर सोडून?"

"तेच तर मी म्हणतोय ना," मिलुतिन म्हणाला आणि बाटली कोटाखाली घालून बसस्टँडकडे निघाला. बायकोचं त्याच्या कानावर पडलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. डोक्यात फक्त कार्ड होतं.

बारा वाजता त्याने नेबोयशाचं दार वाजवलं. दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या एका बाईने, नेबोयशाच्या आईने, स्तानियाबाईंनी. त्यांच्या मागे लांबलचक टेबल, वीसेक माणसं, जळती मोठी मेणबत्ती, तळलेल्या माशांचा वास. मिलुतिनच्या पायाखालची जमीन सरकली. स्लावा! आणि आमच्याकडे स्लावाला कुणाला बोलवत नाहीत, पण जो येईल त्याला परतही पाठवत नाहीत.

"या, या! सण सुखाचा होवो!" म्हणत स्तानियाबाईंनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "अहो, एवढं कशाला आणायचं! घरची दिसतेय!"

"ती... मी खरं तर..." मिलुतिन म्हणाला. पण तोवर साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हांचा वाडगा पुढे आला होता. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली, एक चमचा तोंडात घातला. आता तो पाहुणा झाला. कोट कुणी काढला, टेबलाशी कुणी बसवलं, काही कळलं नाही. अडीच हजारांची बाटली समोर उघडली गेली आणि पेल्यापेल्यातून वाटलीसुद्धा गेली.

"ही कुणाची हो?" शेजारी बसलेल्या निवृत्त पोस्टमनने एक घोट घेऊन डोळे मिटले. "हिला म्हणायचं दारू! तुम्ही कुठले?"

"पिरोतचा."

अख्खं टेबल खदखदून हसलं. "पिरोतचा माणूस, आणि स्वतःहून बाटली घेऊन आला! निकोलाचा चमत्कार तो हाच!"

मिलुतिनही हसला, दुसरं काय करणार. जळत्या मेणबत्तीसमोर, यांची भाकरी खाऊन, 'मी खरं तर घासाघीस करायला आलोय' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याच्या आईने कबरीतून उठून थोबाडीत दिली असती. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवत तो बसून राहिला. निकोलाचा दिवस उपासात येतो, त्यामुळे मांस, दूध, अंडं काही नाही. पण भाजलेल्या घेवड्याचं मातीचं भांडं आलं, मासे आले, मिरच्या आल्या, अक्रोडाचा केक आला. सगळं उत्तम होतं, पण मिलुतिनचं लक्ष ताटात नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला, दोन वाजले. परतीची बस साडेचारची. सहाला ताफा.

नेबोयशा कोण, हे त्याला लगेच कळलं होतं. पस्तिशीचा, उंच, नवा शर्ट घातलेला, हातात वाइनचा जग. यजमान स्लावाला बसत नाही, दिवसभर उभा राहून वाढतो. तो सारखा जवळून जायचा, पेला भरायचा, 'घ्या की, काका' म्हणायचा आणि दुसऱ्या टोकाला पळायचा. आपण कोण आहोत हे याला ठाऊकच नाही, हेही मिलुतिनला कळलं. तो समजत होता आईच्या ओळखीतलं कुणी असेल, आई समजत होती मुलाच्या.

साडेतीनला त्याने शेवटी धीर केला. नेबोयशा पेला भरायला वाकला तशी त्याची बाही धरली.

"नेबोयशा, मी मिलुतिन. लेस्कोवाट्सहून. ते कार्डाचं..."

जग हवेतच थांबला. "काका! तुम्ही ते? आज?"

"तूच लिहिलंस, एकोणीसला घरी आहे म्हणून."

"अहो, म्हणजे त्या दिवशी स्लावा आहे, असं! मला वाटलं तुम्ही ओळखाल आणि दुसऱ्या दिवशी याल. निकोलाला घरी आहे म्हटल्यावर कार्ड न्यायला कोण येतं?"

"माझ्यासारखा गाढव येतो," मिलुतिन म्हणाला.

"आज काही विकता येणार नाही. आईला कळलं तर मला त्या मेणबत्तीबरोबर जाळेल. उद्या सकाळी या ना."

"उद्या काय उपयोग, बाळा?" आणि मग दिवसभर मूग गिळून बसलेल्या मिलुतिनचं सगळं एकदम बाहेर पडलं. नवा नकाशा, पूल, पाच ट्रक, रादे, सहा वाजता. "घळीतली वळणं माझी आहेत रे. आणि मी तिथं मागे बसून बघायचं?"

नेबोयशाने आजूबाजूला पाहिलं. मग जग हातात तसाच धरून तो हळूच विचारायला लागला. मशीन कुठलं? आता आत कार्ड कुठलं आहे? मिलुतिनने नाव सांगितलं. नेबोयशाच्या कपाळाला आठी पडली.

"ते जुनं आहे, पण ट्रक सहज ओढेल. अडखळायला कधीपासून लागलं?"

"झालं की दोन वर्षं. बायको म्हणते व्हाइटवॉश केल्यापासून. बायकांचं काहीतरीच."

"म्हणजे सगळं काढून परत लावलं? लावलं कुणी?"

"मी. एकतीस वर्षं ट्रेलर जोडलेत, एक वायर जोडायला काय लागतं?"

"पडद्याची वायर मागे कुठल्या भोकात आहे, काका? वर की खाली? वर म्हणजे कीबोर्ड नि माऊस लागतात तिथं शेजारी. खाली म्हणजे आडवी पट्टी असते तिच्यात."

मिलुतिनने डोळे मिटले. टेबलाखाली ओणवं होऊन, चुन्याचे डाग पडलेल्या हातांनी वायर लावणारा स्वतःच त्याला दिसला. "वर. कीबोर्डच्या शेजारी. बसली तिथं बसवली. दोन्ही भोकं सारखीच होती."

नेबोयशाने जग टेबलावर ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"काका, खालचं भोक कार्डाचं आहे. तुमचं कार्ड दोन वर्षं आत नुसतं बसून आहे, काहीच न करता. चित्र मशीन कसंबसं स्वतःच काढतंय. घरी जा, वायर खाली लावा. काही विकत घेऊ नका."

पिरोतच्या माणसाला सुचावा तोच प्रश्न मिलुतिनला सुचला. "आणि मी उद्या आलो असतो तर?"

नेबोयशाने मान खाजवली. त्याचे कान लाल झाले. "उद्या आला असतात तर गिऱ्हाईक. मी विचारलंच नसतं. दहा सांगून साडेआठला दिलं असतं. नवं कार्ड बसवताना वायर आपोआप खाली लागली असती आणि तुम्ही मला जन्मभर दुवा दिला असता." त्याने मेणबत्तीकडे पाहिलं. "पण आज तुम्ही माझ्या घरचे गहू खाल्लेत."

मिलुतिन उठला आणि त्याने नेबोयशाला तिथल्या तिथे मिठी मारली. स्तानियाबाईंना वाटलं, पाहुण्याला जरा जास्त झालेली दिसते. म्हणून त्यांनी त्याच्या कोटाच्या एका खिशात केकचं पुडकं कोंबलं आणि दुसऱ्यात मासा.

साडेचारची बस पंधरा मिनिटं उशिरा सुटली, आणि मिलुतिनने वाटेत ड्रायव्हरला तीनदा सांगितलं की हे वळण दुसऱ्या गिअरमध्ये घेत नसतात. घरी पोचला तेव्हा पावणेसहा झाले होते. कोट न काढताच तो टेबलाखाली शिरला.

"आणलंस कार्ड?" दोब्रिलाने विचारलं.

"नाही."

"आणि बाटली?"

"प्यायली गेली. विजेरी धर."

तिने विजेरी धरली. त्याने वरची वायर उपसली, खालच्या आडव्या पट्टीत चाचपडत एक भोक शोधलं आणि लावली. ती सहज बसली. मग त्याने खेळ चालू केला, ट्रक निशच्या फाटकातून बाहेर काढला आणि मुद्दाम पुलाकडे घेतला. मोरावा वाहत होती. पाण्यावर ऊन हलत होतं, आणि खेळातल्या पाण्यावर असं ऊन मिलुतिनला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. ट्रक पुलावरून लोण्यातल्या सुरीसारखा पलीकडे गेला.

"म्हणजे काय, वायरच चुकीची होती?" दोब्रिला म्हणाली. "आणि माझ्या बारा बरण्या? काखेत कळसा नि गावाला वळसा! मी म्हणत होते ना, व्हाइटवॉशपासून!"

"म्हणत होतीस," मिलुतिन म्हणाला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, त्यात हे वाक्य तिने तिसऱ्यांदा ऐकलं. "साडेसात हजार उरलेत. तुला आयवारासाठी नवी परात घे."

माशाचा वास कुठून येतोय ते शोधायला दोब्रिलाने त्याच्या अंगातून कोट ओढून काढला आणि दुसरी खुर्ची त्याच्या शेजारी आणून ठेवली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना त्याने हेडफोन लावला आणि दोब्रिलासाठी खेळाचा आवाज स्पीकरवरही सोडला.

"पिरोतकर, आलास? चल, चढ माझ्या ट्रकमध्ये," झ्वोंको म्हणाला.

"तू तुझा ट्रक सांभाळ. मी पुढे आहे, पुलाच्या पलीकडे. मागे बघायचं तर आरसा आहे मला."

मग झ्वोंको म्हणाला, "परत ये. पूल ओलांडून दाखव."

मिलुतिनने वळवून दाखवला. येताना एकदा, जाताना एकदा. सात जण आपापल्या पडद्यावर बघत होते.

"नवं कार्ड?" रादेने विचारलं. "केवढ्याला पडलं?"

"एका बाटलीला."

"पिरोतकर तो पिरोतकर," रादे म्हणाला आणि त्याने आपला ट्रक दुसऱ्या जागी मागे घेतला. "चल, घे पुढे. संत निकोला पाठीशी असो."

आठ ट्रक निघाले. लेस्कोवाट्स मागे पडलं. कुणी म्हणालं, इथं तो ढाबा होता, सूप मिळायचं. कुणी म्हणालं, सूप कसलं, त्याची मालकीण बघायला थांबायचास तू. मिलुतिनच्या हातांना रस्ता आठवत होता. डावीकडे व्लासोतिन्त्सचा फाटा आला, निळी पाटी, मागे द्राक्षमळे. मिलुतिनने वेग कमी केला आणि भोंगा वाजवला, लांब, पुरे तीन सेकंद.

ताफ्याचा नियम आहे, पुढचा भोंगा वाजवतो तेव्हा सगळे वाजवतात. कारण कुणी विचारत नाही. सात भोंगे एकामागून एक वाजले, दोब्रिलाने कानांवर हात ठेवले आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने छताला झाडू मारला.

पाटी मागे पडल्यावर झ्वोंकोने विचारलंच. "तिथं कोण राहतं रे तुझं?"

मिलुतिनने घळीच्या पहिल्या वळणासाठी गिअर उतरवला.

"आजच ओळख झालीय," तो म्हणाला. "दर निकोलाला जायचंय आता."